शंभरावा रंग

कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत. फाटकावरचा पहारेकरी, चहावाली, मालक, आणि जे तिच्याहून दहा वर्षांनी मोठे होते तेसुद्धा. आता ताई म्हणवून घेण्यात एक गोम असते. ताईकडे कोणीही, कधीही, काहीही मागायला येतं, आणि ताईने तोंड वाकडं करायचं नसतं. तिनेही सव्वीस वर्षांत कधी केलं नाही, ही तिची चूक.

कारखाना चेनचा. म्हणजे पँटला, दप्तराला, उशीच्या अभ्र्याला लावतात ती चेन. कापडी पट्टी, तिच्यावर दात, दातांवर पळणारा रनर. यात काय मोठंसं, असं कोणालाही वाटेल. पण गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं ते रंगाचं. बॅगवाल्याला बॅगेच्या कापडाशी तंतोतंत जुळणारी चेन हवी असते, आणि ती कालच हवी असते. इतर कारखाने नव्या रंगाला तीन आठवडे मागत. हा कारखाना चार दिवसांत हातात ठेवी. फाटकावर पाटीच होती, हातभर अक्षरांत: ‘कोणताही रंग, चार दिवसांत’.

थोरले साहेब वारले तेव्हापासून त्यांचा मुलगा कारभार बघत होता. त्याला सगळे धाकटे साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, उमदा होता, फक्त सभा घ्यायची भारी हौस. प्रत्येक सभेत ते पडद्यावर एक चित्र दाखवत आणि म्हणत, "आपण लहान आहोत, पण चपळ आहोत. का? तर आपली संगणक यंत्रणा तशी आहे. बाजार वळला की आपण दुसऱ्या दिवशी वळतो." टाळ्या पडत. तेव्हा मागच्या खुर्चीवर बसलेली ताई आपल्या चपलांकडे बघत असे.

कारण यंत्रणा कसली चपळ! ती तिनेच लिहिली होती, तेवीस वर्षांपूर्वी, शेजारी स्टुलावर थोरले साहेब पाय हलवत बसलेले असताना. तेव्हा कारखान्याचे रंग होते एकतीस. प्रत्येक रंगाला एक नंबर द्यायचा होता. ताईने विचारलं होतं, "साहेब, नंबराला तीन घरं ठेवू का? पुढेमागे रंग वाढले तर?" थोरले साहेब खो खो हसले होते. "अगं, नव्व्याण्णव रंग देवाने तरी केलेत का? दोन घरं पुष्कळ झाली!" मग दोनच घरं ठेवली. त्या दोन घरांच्या हिशेबाने रंगखात्यातली यंत्रं घेतली, लेबलं छापायचं मशीन घेतलं, गोदामातल्या फळ्यांवर आकडे रंगवले. सगळीकडे दोनच घरं.

अकरा वर्षांपूर्वी शंभरावा रंग आला. खरं तर त्याच दिवशी काम थांबवून सगळं नीट करायला हवं होतं. पण गिऱ्हाईक दारात उभं, थोरले साहेब डोक्यावर उभे. ताईने एक युक्ती काढली. सत्तेचाळीस नंबरचा एक राखाडी रंग होता, वर्षभर त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याला तिने झोपवला आणि त्याचा नंबर नव्या मोरपंखीला दिला. "दोन दिवसांपुरतं आहे हं, साहेब," ती म्हणाली होती. साहेबांनी तिला हात जोडले होते. मग ते दोन दिवस असे काही लांबले, की बोलायची सोय नाही.

आता रंग झाले होते चारशेच्या वर, आणि नंबर मात्र तेच नव्व्याण्णव. दुसरी पाळी चारला यायची. त्याआधी, रोज साडेतीनला, ताई तळघरातल्या खोलीत उतरायची. तिथे तो जुना संगणक, एक पंखा, आणि पाण्याचा माठ. आज कोणाला जागं करायचं, कोणाला झोपवायचं, ते ती ठरवायची. नंबर बदलणं दोन मिनिटांचं काम. कोणाचा नंबर काढला तर चालेल हे कळणं महत्त्वाचं, आणि ते संगणकाला कळत नव्हतं. गाद्यावाल्या बाई महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विटकरी मागतात. तंबूवाल्याचे हिरव्याचे चार अर्धे गठ्ठे गोदामात पडलेत. छत्रीवाला ‘आता नको’ म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी येतो. हे सगळं ताई दिवसभर हिंडून, याच्याशी त्याच्याशी बोलून गोळा करायची. लोकांना वाटायचं, ताईला गप्पांची आवड आहे. सुरुवातीची काही वर्षं ती वहीत लिहून ठेवायची. मग रंग इतके भराभर यायला लागले, की वही मागे पडली. सगळं डोक्यातच राहिलं.

तिच्याखेरीज हे गुपित माहीत असलेलं जिवंत माणूस एकच, रंगखात्याचे प्रमुख. त्यांना रंगमास्तर म्हणत. कोपरापर्यंत हात कायम निळेजांभळे, आणि जीभ तिखट.

एकदा ताई तापाने फणफणली आणि दोन दिवस आलीच नाही. संगणक खात्यातल्या एका हुशार माणसाने तिच्या जागी बसून आपल्या अकलेने, मोकळा वाटला तो नंबर नव्या रंगाला देऊन टाकला. पहारेकऱ्यांच्या गणवेशाच्या सहा हजार पँटी, कडक गडद खाकी, आणि पुढे चेन मात्र गुलाबी! रंगमास्तरांना आठवडाभर हसू आवरलं नाही. धाकट्या साहेबांना तो नुसता हलगर्जीपणा वाटला, त्यांनी त्या माणसाला दुसऱ्या खात्यात धाडलं आणि ताईला बजावलं, "तुम्ही रजा घेत जाऊ नका बुवा." तेव्हापासून शनिवार-रविवार सोडला तर ताईला रजा म्हणून मिळाली नाही. हे सगळं तिने सोसलं. अंगवळणी पडलं होतं.

पण तिचा नवरा चार वर्षांपूर्वी गाव सोडून गेला. भांडून नव्हे. त्याच्या छातीने दगा दिला होता, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ही धूळ सोडा, मोकळ्या हवेत राहा, नाहीतर फार दिवस काढणार नाही. त्याने बसने आठ तास लांब, डोंगराकडे, दोन खोल्यांचं घर घेतलं. "तू ये मागून," तो म्हणाला होता. "दोनेक महिन्यांत ये." ताई एकाआड एक शनिवारी जायची आणि रविवारी दुपारी परत निघायची. रविवारी सकाळपासूनच तो तिच्याशी पाहुणीशी बोलावं तसं बोलायला लागायचा. "चहा घेणार का?" असं विचारायचा. आपल्याच बायकोला!

आठ महिन्यांपूर्वी एका मंगळवारी दुपारी त्याला श्वास घेता येईना. शेजारीण धावली, तिने गाडी मिळवली, त्याला इस्पितळात नेलं, आणि वाटेत ताईला बारा वेळा फोन लावला. ताई तळघरात होती. तिथे फोनला रेंज नाही. ती वर आली तेव्हा पाच वाजून गेले होते आणि रंगमास्तर तिचं अभिनंदन करायला उभे होते, कारण त्या दिवशी एकदम सात नवे रंग बसवले होते तिने. दुसऱ्या दिवशी ती इस्पितळात पोचली. नवऱ्याच्या नाकाला नळी होती. त्याने नर्सला तिची ओळख करून दिली, "ही माझी बायको. कामाला असते." बाकी एक शब्द बोलला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तरी तिला बरं वाटलं असतं. ती बाहेरच्या बाकावर जाऊन रडली, आणि तिथेच ठरवलं, बस्स झालं.

तिने राजीनामा दिला. धाकट्या साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला, परत वाचला. "ताई, तुम्ही घरच्या आहात. तुम्हाला अडवणारा मी कोण? फक्त नवी प्रणाली येतेय. ती एकदा चालू झाली की तुम्ही मोकळ्या. नऊ महिने द्या." ताईने दिले. नवऱ्याला फोनवर तिने तारीख सांगितली. तो म्हणाला, "लिहून ठेवतो."

नवी प्रणाली म्हणजे तीन माणसं आणि पुष्कळ तक्ते. त्यांची प्रमुख तिशीतली मुलगी होती, जाड भिंगांचा चष्मा, कायम डब्यातलं उभ्याउभ्या खाणारी. रंगमास्तरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव चष्मेवाली ठेवून टाकलं. ती ताईच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसे आणि प्रश्न विचारी. हुशार होती, आणि चांगली होती, आणि तिसऱ्याच आठवड्यात तिने नको तिथे बोट ठेवलं.

"ताई, हे बघा ना. सत्तेचाळीस नंबर. जानेवारीत राखाडी, मार्चमध्ये मोरपंखी, मेमध्ये कसलातरी शेंदरी. एकच नंबर!"

ताईने समोरची फाईल मिटली. "जुनी चूक असेल," ती म्हणाली.

"असेल," चष्मेवाली म्हणाली आणि पेन दातात धरून परत आकड्यांकडे वळली.

दुसऱ्या दिवशी ती अशा चुकांची यादी घेऊन आली. नऊ पानं होती. ताईने आजारपणाचं निमित्त केलं, डोकं दुखतंय म्हणाली, आणि तडक रंगखात्यात गेली. तिथे वाफ, आणि यंत्रांचा घरघराट, त्यामुळे मोकळेपणी बोलता येई.

"गप्प बसा ताई," रंगमास्तर म्हणाले. "अहो, सव्वीस वर्षं घासलीत. तारीख आली की पिशवी उचला आणि चालू लागा. मागे गुलाबी होऊ दे नाहीतर पिवळं. तुमचं काय जातंय?"

"आणि मग?"

"मग काय! बोंबलतील दोन दिवस."

"दोन दिवस बोंबलतील आणि तिसऱ्या दिवशी गाडी पाठवतील, मास्तर. डोंगरात. माझ्या दारात. आणि मी गाडीत बसेन, मला ठाऊक आहे ना माझं मला."

रंगमास्तरांनी निळ्या बोटांनी कान खाजवला.

ताई रात्रंदिवस तेच घोकत राहिली. खरं सांगावं, तर अकरा वर्षांची लबाडी उघडी पडते. कुठल्या गिऱ्हाइकाला कुठला रंग दिला हे कारखान्यातल्या कोणत्याही कागदावरून धड सांगता येणार नाही, हे सगळ्यांना कळतं. सांगू नये, तर नवी प्रणाली पहिल्याच दिवशी तोंडावर आपटते आणि परत ताईचा धावा सुरू. दोन्हीकडून तीच अडकते. शेवटी तिने ठरवलं की खरं सांगून अडकलेलं बरं, निदान पुढचं माणूस तरी सुटेल. शुक्रवारी सकाळी ती चष्मेवालीला तळघरात घेऊन गेली, पंखा लावला, आणि शंभराव्या रंगापासून सगळं सांगितलं.

चष्मेवालीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अकरा वर्षं? रोज?"

"रोज."

"एकट्या?"

"मग काय, दिंडी काढू?"

ती हसली नाही. तिने चष्मा पुसला. "ताई, मी एवढे कारखाने फिरले. असं कोणी केलेलं बघितलं नाही. आणि असं कोणी करूही नये," ती म्हणाली. ताईला वाटलं, छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवला. तिला त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला.

चष्मेवालीने तिथेच उपाय मांडला. नंबराला तीन घरं करायची. रंगखात्याची यंत्रं आणि लेबलाचं मशीन त्याप्रमाणे बदलून घ्यायचं. ताईच्या डोक्यातले चारशे रंग एकेक करून नीट उतरवायचे. पण हे सगळं चालू असेपर्यंत एकही नवा रंग घ्यायचा नाही, नाहीतर पाया भरताना कोणी वरून माती ओतत राहील. तीन महिने नवा रंग बंद. त्यानंतर कोणीही येऊन बसलं तरी काम चालेल. ताईची कोणालाच गरज लागणार नाही.

ते शेवटचं वाक्य ताईने मनात चारदा म्हणून बघितलं. सव्वीस वर्षांत इतकं गोड कोणी तिला बोललं नव्हतं. संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन केला. "तारीख थोडी पुढे जाईल हो, तीन महिने. पण आता मात्र नक्की."

"बरं," तो म्हणाला. मग त्याने अंगणातल्या भोपळ्याला किती फुलं आलीत ते सांगितलं.

सभा झाली ती सोमवारी, काचेच्या खोलीत. धाकटे साहेब, चष्मेवाली, ताई, आणि ताईने हट्टाने बोलावलेले रंगमास्तर. चष्मेवालीने सगळं सांगितलं, ताईला सांभाळून घेत, दोष थोरल्या साहेबांच्याही नावावर न टाकता. धाकटे साहेब आधी हसले. त्यांना गंमत वाटली. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"म्हणजे मी सभेत जे सांगतो ते..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. उठले, खिडकीशी गेले, परत आले. "ठीक आहे. झालं ते झालं. पण तीन महिने नवा रंग नाही? पाटी उतरवू का फाटकावरची? सुटकेसवाले परवाच आपल्याकडे आलेत. दर हंगामाला बारा रंग बदलतात ते. आपण चार दिवसांत रंग देतो, फक्त त्यासाठी आलेत. उद्या सांगू त्यांना, थांबा तीन महिने?"

"सांगावं लागेल," चष्मेवाली म्हणाली.

"ते थांबणार नाहीत. बाकीचे कारखाने आपल्या दसपट आहेत. आपल्याकडे दुसरं आहे काय? वेग आहे. तो थांबला की दोनशे माणसं घरी बसतील, मी धरून."

खोटं नव्हतं ते. ताईलाही ठाऊक होतं. तिने रंगमास्तरांकडे बघितलं. ते टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसले होते. त्यांची दोन्ही मुलं याच कारखान्यात होती.

मग चष्मेवाली बोलली. ताईच्या बाजूनेच बोलली बिचारी, अगदी कळवळून. "साहेब, राग मानू नका. पण हा वेग कंपनीचा नाहीच. तो ताईंचा आहे. उद्या ताई नसल्या तर तुमची कंपनी चार दिवसांत नाही, चार महिन्यांतसुद्धा नवा रंग देऊ शकणार नाही."

धाकट्या साहेबांनी सावकाश मान वळवून ताईकडे बघितलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तिला नीट बघत होते जणू. तिला कळलं, झालं, आता संपलं.

"मग ताईंना सोडून कसं चालेल?" साहेब म्हणाले.

त्यानंतर सगळं इतक्या झपाट्याने ठरलं, की कारखान्याच्या चपळपणाला खरोखर दाद द्यावी. नवी प्रणाली आणायचीच, पण दोन घरांची. यंत्रं आहेत तशीच राहू देत. नवा रंग थांबवायचा नाही. जिथे नंबर फिरवायचा तिथे प्रणाली थांबेल, ताईला विचारेल, ताई सांगेल, मग पुढे सरकेल. "दहा दिवसांत होईल ना?" साहेबांनी विचारलं. चष्मेवाली कसनुशी म्हणाली, होईल.

"साहेब, मला जायचंय," ताई म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "यांची तब्येत बरी नसते."

"अहो मग जा ना! कोण अडवतंय?" साहेबांचा चेहरा उजळला. त्यांना मनापासून आनंद झाला होता. "तिकडेच बसून करा! घरी बसून! आम्ही लाइन टाकून देतो, मशीन देतो, फोन देतो. तळघर नको आणि काही नको. तुम्ही नवऱ्याजवळ, कारखाना आमच्याजवळ. पगार वाढवतो वर. आता तर खूश?"

आता यावर काय बोलणार? जायला मिळावं, एवढंच तर तिने आठ महिने मागितलं होतं, आणि तेच मिळालं. नाही म्हणायला शब्दच शिल्लक ठेवला नव्हता माणसाने. ताई हातातली पेन्सिल फिरवत राहिली.

चष्मेवालीने पडद्यावर कामाचा नकाशा काढला. ऑर्डर, रंगखातं, लेबल, गोदाम, असे चौकोन, आणि त्यांना जोडणारे बाण. मधोमध तिने एक चौकोन काढला आणि क्षणभर थांबून त्यात लिहिलं, ‘ताई’. सगळे बाण तिथे येत होते आणि तिथूनच पुढे जात होते.

"आणि मी मेले तर?" ताईने विचारलं.

"ताई! काहीतरीच काय बोलता!" धाकटे साहेब म्हणाले, आणि रंगमास्तर सोडून सगळे हसले.

निरोप समारंभ करायचा की नाही यावर दोन दिवस घोळ झाला, कारण ती जात होती पण जात नव्हती. शेवटी फुलांचा गुच्छ दिला आणि भाषणं टाळली. चष्मेवाली बसपर्यंत पोचवायला आली. बस सुटेपर्यंत ती खिडकीखाली उभी होती. "ताई, मी ते वाक्य बोलायला नको होतं," ती म्हणाली. ताई म्हणाली, "खरंच बोललीस ग." आणि खरंच तिला पोरीचा राग आला नव्हता. राग यायला सुद्धा अंगात थोडी हुशारी लागते.

बस डोंगराच्या पायथ्याशी पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते. नवरा थांब्यावर आला होता, काठी घेऊन. काठी तिने पहिल्यांदाच बघितली. पण चेहरा फुललेला होता त्याचा. "आलीस," तो म्हणाला. तिच्या हातातली पिशवी घ्यायला लागला, ती देईना, मग दोघांनी एकेक बंद धरला आणि तशीच चढण चढली. मध्ये तीनदा थांबावं लागलं. प्रत्येक वेळी तो तिला उगाच एखादं झाड दाखवायचा, म्हणजे दम लागलाय हे तिला कळू नये. तिला सगळं कळत होतं.

घराचं दार लोटलं आणि ताई उंबऱ्यातच थबकली. पुढच्या खोलीत, मोठ्या खिडकीखाली, टेबल होतं. टेबलावर नवा कोरा संगणक, फोन, वायरींचा गुंता, आणि खिडकीच्या गजाला बांधलेली पांढरी पेटी, तिच्यावर हिरवा दिवा. या खिडकीखाली त्याची खाट असायची. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, रात्री वारा थेट तोंडावर येऊ दे.

"खाट कुठाय?" ताईने विचारलं.

"आत हलवली. कालच आली होती माणसं कारखान्याची, चांगली होती बिचारी. रेंज फक्त या खिडकीत मिळते म्हणाले. मला विचारलं, चालेल का? म्हटलं, अहो न चालायला काय झालं. ती येतेय हेच पुष्कळ आहे."

ताईने आतली खोली बघितली. त्या खोलीला खिडकीच नव्हती. धान्याचे डबे, जुन्या पेट्या, आणि त्यात कोंबलेली खाट. उशाशी त्याचा औषधाचा पंप. हवा कोंदट होती. तिचं डोकं फिरलं. ती पुढच्या खोलीत आली आणि टेबलाचा पाय धरून ओढायला लागली.

"अगं, काय करतेस?"

"तुमची खाट इथे येणार. आत्ताच्या आत्ता."

"आणि हे कुठे ठेवशील?"

ती वाकलेली होती तशीच राहिली. दोन खोल्या, एक खिडकी. तिने भिंतीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, अंगणाकडे बघितलं. अकरा वर्षं रोज नवी वाट काढणारं तिचं डोकं आता काही केल्या चालेना. आयुष्यात पहिल्यांदा तिला एखादी वस्तू उचलून जमिनीवर आपटावीशी वाटली, आणि ती वस्तू समोरच होती. तिने वायर मुठीत धरलीसुद्धा.

फोन वाजला.

"घे ना," नवरा म्हणाला. तो अजिबात चिडला नव्हता, तेच वाईट होतं. तिची मूठ त्याने हळूच सोडवली. "लोक खोळंबले असतील तुझ्यावाचून. मी पडतो जरा आत. चढण झाली ना, म्हणून." आणि तो भिंतीचा आधार घेत आत गेला.

ताईने खिडकी सताड उघडली, आतल्या खोलीचं दार होतं तेवढं ढकलून धरलं, त्याला खुर्ची लावली. मग फोन उचलला.

"ताई, पोचलात का नीट?" रंगमास्तर विचारत होते. मागे यंत्रांची घरघर होती. "वाईट वाटतं हो, आल्या आल्या त्रास देतोय. सुटकेसवाल्यांचे बारा आलेत, आजच बसवायला सांगितलेत. कोणाकोणाला झोपवू?"

आत नवरा खोकायला लागला होता. खोकला थांबेल म्हणून ती थांबली. थांबला नाही.

"ताई? ऐकताय ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. "एकेक सांगा." पदराने डोळे पुसून तिने खुर्चीऐवजी पिशवीवरच बसकण मारली, आणि गोदामात कुठल्या रंगाचे गठ्ठे उरलेत ते आठवायला लागली.